पुनर्चक्रण, क्षेपणभूमी आणि भस्मीकरण : ‘जनजागृती’च्या भूमिकेची चिकित्सा (पुणे परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

घनकचऱ्याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत विपुल लेखन झाले. त्यात महानगरपालिकांचे पर्यावरण अहवाल, केंद्रीय समित्यांची प्रतिवृत्ते, स्वच्छता अभियानांच्या पुस्तिका आणि महाविद्यालयांतून होणारे प्रकल्प-अहवाल यांचा वाटा मोठा आहे. या लेखनाचा शेवट बहुधा एकाच शिफारशीने होतो : नागरिकांमध्ये जनजागृती करावी. कचरा घरातच वेगळा केला जात नाही म्हणून पुनर्चक्रण होत नाही. पुनर्चक्रण होत नाही म्हणून कचरा क्षेपणभूमीवर जातो. आणि क्षेपणभूमीला जागा उरली नाही म्हणून तो जाळावा लागतो, अशी ही कारणमालिका आहे. ती इतकी सुसंगत वाटते की तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही.

प्रस्तुत लेखात ती तपासणी पुणे परिसराच्या अनुभवाच्या आधारे केली आहे. कचरावेचकांच्या संघटनेने उभे केलेले पुनर्चक्रणाचे काम येथे तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. त्याच काळात क्षेपणभूमीविरुद्धचा ग्रामस्थांचा संघर्ष आणि कचऱ्यापासून वीज करण्याचे प्रकल्प हे दोन्ही याच परिसराने पाहिले. तिन्ही मार्ग एकाच ठिकाणी शेजारीशेजारी पाहता येतील अशी शहरे थोडी आहेत.

रद्दी आणि कचरा

‘लोकांना वर्गीकरणाची सवय नाही’ हे विधान मराठी मध्यमवर्गीय घराच्या संदर्भात तरी खरे नाही. वर्तमानपत्राची रद्दी कोणीही कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही. ती महिनाभर घडी घालून साठवली जाते, वजनकाट्यावर नजर ठेवून विकली जाते, आणि मिळालेल्या पैशांचा घरात हिशेबही असतो. काचेच्या बाटल्या, डबे, पितळ-ॲल्युमिनियमची मोडकी भांडी आणि अनेक घरांत धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यादेखील याच वाटेने भंगारच्या दुकानात जातात. यासाठी कोणतेही अभियान राबवावे लागले नाही, कोणतीही भिंत रंगवावी लागली नाही. ज्या वस्तूला भाव आहे ती वस्तू घर आपणहून वेगळी करते. जिला भाव नाही ती कचरा ठरते.

खरकट्याविषयीची धारणा याहून जुनी आहे. स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे स्वतंत्र ठेवण्याची शिस्त शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेतून आली. ती घराच्या उंबरठ्याआत कडक असते आणि उंबरठ्याबाहेर संपते. दाराबाहेर ठेवलेल्या बादलीत खरकटे, कागद, काचेचा तुकडा आणि वापरलेला सॅनिटरी पॅड एकत्र पडतात, कारण ती बादली उचलणारा हात घराच्या दृष्टीने आधीच अशुद्ध ठरलेला असतो. ‘जनजागृती’ या शब्दाला या दुसऱ्या गोष्टीचे नाव घेता येत नाही. जागृती म्हणजे माहितीचा पुरवठा असे गृहीत धरले, की प्रश्न अज्ञानाचा उरतो आणि जातीचा राहत नाही. कचरा वेगळा करायचा तो कोणासाठी, हा प्रश्नच मग पुस्तिकेत येत नाही.

राज्यात २०००-०१ मध्ये सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान असो किंवा २०१६ पासूनचे स्वच्छ सर्वेक्षण असो, या उपक्रमांनी स्वच्छतेला प्रतिष्ठा दिली हे मान्य करावे लागेल. परंतु कचरा डोळ्यांआड होणे आणि कचरा कमी होणे या दोहोंतील अंतर त्यांच्या गुणांकनात नेहमीच स्पष्ट राहिले असे म्हणता येत नाही. कचराकुंडी हटवली की रस्ता स्वच्छ दिसतो. कुंडीतला माल कोठे गेला, हे त्या रस्त्यावरून दिसत नाही.

कायद्याची दिशा आणि हिशेबाची दिशा

कायद्याच्या पातळीवर पुनर्चक्रणाचा अग्रक्रम जुनाच आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेच्या पार्श्वभूमीवर नागरी घनकचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २००० आले. पुनर्चक्रण किंवा जैविक प्रक्रिया करता येणार नाही असाच कचरा जमिनीत पुरावा, अशी मर्यादा त्या नियमांनी घातली आणि प्रक्रिया-केंद्रे उभारण्यासाठी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत दिली. मुदत गेली, क्षेपणभूमी तशाच राहिल्या. मुंबईच्या देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात होता. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीच्या धुराने शहराचा मोठा भाग अनेक दिवस व्यापला. त्याच वर्षी आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशा त्रिविध वर्गीकरणाची सक्ती केली, आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

नियमांची दिशा अशी असताना पैशांची दिशा मात्र वेगळी राहिली. कचरा गोळा करणे, हस्तांतरण केंद्रापर्यंत नेणे, तेथून डेपोवर टाकणे किंवा प्रकल्पाला देणे, या प्रत्येक टप्प्यासाठी पालिका ठेकेदाराला वजनावर किंवा फेऱ्यांवर पैसे देते. एखादा टन कागद-प्लास्टिक वाटेतच वेचले जाऊन भंगारच्या दुकानात गेले, तर त्या टनाचा वाहतूकखर्च आणि डेपोवरील जागा वाचते; पण ही बचत अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही. जो कचरा येतो त्याला लेखाशीर्ष आहे, जो येत नाही त्याला नाही. ठेकेदाराच्या दृष्टीने तर वेचलेला टन म्हणजे बुडालेले बिल असते.

केंद्राच्या धोरणातही हीच विसंगती आढळते. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये नागरी कचऱ्यापासून होणाऱ्या विजेला प्रतियुनिट ७.०४ रुपये आणि कचऱ्यापासून केलेल्या इंधनाच्या विजेला ७.९० रुपये असा दर ठरवला. जानेवारी २०१६ च्या सुधारित वीजदर धोरणाने अशी सर्वच्या सर्व वीज विकत घेण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर घातले. याउलट प्लास्टिकच्या भंगारावरील वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला आणि ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा १८ टक्के करण्यात आला. तेच प्लास्टिक जाळले तर हमीचा ग्राहक आणि पुन्हा वितळवले तर वाढीव कर, अशी ही व्यवस्था होती. तिच्याकडे पाहता नागरिकांच्या अज्ञानावर ठेवला जाणारा भर काहीसा सोयीचा वाटतो.

कोरेगाव पार्क ते ‘स्वच्छ’

पुण्यातील कचरावेचकांत मोठी संख्या दलित स्त्रियांची आहे. त्यांच्यापैकी अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा व आसपासच्या कोरडवाहू भागांतून शहरात आली. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी या स्त्रियांबरोबर काम सुरू केले. कुंडीत उतरून वेचण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका माल मिळाला तर कामाचे तास वाचतील आणि मालाला भावही बरा येईल, हा विचार कोरेगाव पार्क भागात प्रत्यक्षात आणला गेला. थोड्याच दिवसांत एका व्यावसायिकाने मोटारगाडी फिरवून तोच माल उचलण्यास आरंभ केला, आणि स्त्रियांना आंदोलन करावे लागले.

या प्रसंगाचा अर्थ पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. नागरिकांनी वर्गीकरण सुरू करताच पहिला परिणाम असा झाला की ज्या मालाकडे कोणी पाहत नव्हते त्याच्यावर दुसऱ्याने हक्क सांगितला. म्हणजे वर्गीकरण यशस्वी झाल्याबरोबर कचऱ्याच्या स्वामित्वाचा प्रश्न उभा राहतो. जागृतीच्या कोणत्याही कार्यक्रमात त्याचे उत्तर नसते. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने झालेल्या मेळाव्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे सदस्यांना महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. ओळखपत्रामुळे चोरीच्या संशयावरून होणारा त्रास कमी झाला, ही बाब आर्थिक लाभाइतकीच महत्त्वाची होती.

२००८ मध्ये कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि पुणे महानगरपालिका यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. घरोघरचा कचरा कचरावेचकांनी गोळा करावा, त्यासाठी प्रत्येक घराने दरमहा अल्प शुल्क द्यावे, आणि सुका माल विकून येणारे उत्पन्न कचरावेचकांचेच राहावे, हे त्याचे सूत्र होते. पालिकेचा खर्च कमी, कामगारांचे उत्पन्न स्थिर, आणि पुनर्चक्रण हे कोणाचे कर्तव्य नसून कोणाचा तरी रोजचा पोटापाण्याचा व्यवसाय, या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या. संस्थेची सदस्यसंख्या पुढे तीन हजारांच्या वर गेली.

मात्र या सूत्राच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. कचरावेचक स्त्रीचे उत्पन्न भंगाराच्या भावावर अवलंबून असते, आणि तो भाव शहरात ठरत नाही. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली तेव्हा भंगाराचे भाव कोसळले. करार झाला त्याच वर्षी तिच्या उत्पन्नाचा एक आधार खचला. दुसरे असे की वेफर्सच्या, शाम्पूच्या बहुपदरी वेष्टनांना भंगारात भावच नाही. ते गोळा करणे, वेगळे करणे आणि पुन्हा पालिकेच्या गाडीत टाकणे हे सर्व श्रम बिनमोल ठरतात. वापरलेल्या सॅनिटरी पॅडविषयी तर २०१३ मध्ये कचरावेचकांनी ते पिशव्यांत भरून उत्पादक कंपन्यांकडे पाठवले होते; कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यावा, ही मोहीमही त्यांनीच चालवली. लाल ठिपका हे माहितीच्या प्रसाराचे उत्तम उदाहरण म्हणता येईल. तरीही पॅड उचलण्याचे काम कोणी करायचे, हे त्या ठिपक्याने बदलले नाही. पुनर्चक्रणाचे समर्थन करताना त्या श्रमाच्या वाटणीविषयी मौन पाळणारे लेखन, मग ते कितीही पर्यावरणस्नेही असो, अर्धेच राहते.

पहिला करार २०१३ मध्ये संपला. नंतरची नूतनीकरणे सुरळीत झाली नाहीत. २०२०-२१ मध्ये हे काम खासगी ठेकेदारांकडे सोपवण्याचा विचार पुढे आला आणि कचरावेचकांबरोबर अनेक नागरिकही त्याविरुद्ध उभे राहिले. जागृती नसलेले म्हणून ज्यांचा उल्लेख होतो तेच हे नागरिक.

वेंगुर्ल्याचे उदाहरण

याच्या शेजारी वेंगुर्ला नगरपरिषदेचे उदाहरण ठेवता येते. सुमारे बारा हजार वस्तीच्या या गावात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कार्यकाळात कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण केले जाऊ लागले, आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक पाहायला येतील असे उद्यानवजा केंद्र उभे राहिले. हे यश खरे आहे. पण व्याख्यानांतून ते ‘लोकसहभागाचे’ म्हणून सांगितले जाते तेव्हा एक गोष्ट गाळली जाते : तेथे वेगळा केलेला कचरा वेगळाच उचलला गेला आणि वेगळाच हाताळला गेला. ओला-सुका वेगळा देऊन तो घंटागाडीत पुन्हा एकत्र होताना पाहणाऱ्या गृहिणीला सवय लागत नाही, तिची सवय मोडते.

जळणारा आणि न जळणारा

भस्मीकरणाच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद असा की पुनर्चक्रणानंतर उरलेल्या, अन्यथा निरुपयोगी कचऱ्यापासून वीज मिळते आणि जमिनीची बचत होते. तत्त्वतः हा युक्तिवाद चुकीचा नाही. अडचण भौतिक आहे. कचरा बाहेरील इंधनाशिवाय जळण्यासाठी त्याचे उष्मांकमूल्य पुरेसे असावे लागते. २०१६ च्या नियमांनी पुनर्चक्रण न होणाऱ्या कचऱ्यासाठी प्रतिकिलो १,५०० किलोकॅलरी ही सीमारेषा घेतली होती. भारतीय शहरांतील मिश्र कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला भाग असतो आणि पावसाळ्यात त्यात पाण्याची भर पडते. भाजीच्या देठांतून, फोडणीच्या भातातून उष्णता मिळत नाही. उलट ते वाळवण्यातच ती खर्च होते. कोरड्या कागदाचे उष्मांकमूल्य साडेतीन-चार हजारांच्या घरात आणि पॉलिथिनचे दहा हजारांच्या वर असते. म्हणजे भट्टीला जे हवे तेच नेमके कचरावेचकाच्या पोत्यात असते.

दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाने उभारलेला दररोज ३०० टनांचा प्रकल्प सुमारे तीन आठवडेच चालू शकला, कारण प्रत्यक्ष कचऱ्याचे उष्मांकमूल्य अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. हा इतिहास माहीत असूनही नियोजन आयोगाच्या कार्यगटाने २०१४ च्या अहवालात देशातील दररोजच्या ३२,८९० टन ज्वलनशील कचऱ्यापासून ४३९ मेगावॉट विजेची क्षमता मांडली. हा अहवाल काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. त्याने कंपोस्ट व बायोगॅसचेही हिशेब दिले आहेत, आणि वर्गीकरणाचा आग्रहही धरला आहे. मात्र ‘ज्वलनशील कचरा’ हा शब्दप्रयोग एकदा स्वीकारला की कागद, कापड आणि प्लास्टिक ही कोणाच्या तरी उपजीविकेची साधने आहेत हे वाक्यातून निघून जाते. उरते ती मेगावॉटची बेरीज.

दिल्लीतीलच ओखला येथे २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाविरुद्ध शेजारच्या वसाहतींतील रहिवाशांनी २००९ पासून न्यायालयीन लढा दिला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रकल्पाला २५ लाख रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली आणि तो चालू ठेवण्यास परवानगीही दिली. पुण्याला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये मोशी येथे ७०० टन क्षमतेचा, १४ मेगावॉटचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी उद्घाटित झाला. अशा प्रकल्पाच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. एक गोष्ट मात्र करारांच्या स्वरूपातूनच येते. भट्टी रोज ठरावीक टन मागते, आणि ती मागणी दीर्घकाळाची असते. पुढील पंधरा-वीस वर्षांत शहराने कचरा कमी करण्याचे ठरवलेच, तर त्याला स्वतःच्याच भट्टीशी स्पर्धा करावी लागेल.

ज्यांच्या दाराशी

स्थानिक समाज पुनर्चक्रणाच्या बाजूने आणि क्षेपणभूमीच्या विरोधात असतो, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत होता. विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी आणि माश्यांनी जगणे अवघड केले. एप्रिल-मे २०१७ मध्ये डेपोला लागलेल्या आगीनंतर ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. त्याच वर्षी ही गावे पालिकेच्या हद्दीत घेतली गेली आणि पुढे पुन्हा बाहेर पडली. हद्द हलत राहिली. डेपो होता तेथेच राहिला.

हा संघर्ष ग्रामीण विरुद्ध शहरी असा मांडणे सोपे आहे, परंतु बाणेरचे प्रकरण ही मांडणी टिकू देत नाही. बाणेर येथे हॉटेलांतील व घरांतील ओल्या कचऱ्याची लापशी करून ती बायोगॅससाठी तळेगावकडे पाठवणारे केंद्र होते. क्षेपणभूमीवरचा भार कमी करणारा, कोणत्याही पुस्तिकेत आदर्श म्हणून छापावा असा हा मार्ग. परिसरातील रहिवाशांनी दुर्गंधीची तक्रार केली. हरित न्यायाधिकरणाने २०२० मध्ये केंद्र बंद करण्याचा आदेश दिला. आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द करून केंद्राला संरक्षण दिले, मात्र त्याबरोबर पर्यावरणीय परीक्षणाची अटही घातली. रहिवाशांची तक्रार खोटी होती असे मानण्याचे कारण नाही. विकेंद्रित प्रक्रिया म्हणजे दुर्गंधीचेही विकेंद्रीकरण असते, आणि ही गोष्ट पुनर्चक्रणाचे पुरस्कर्ते क्वचितच उघडपणे सांगतात.

येथेच भस्मीकरणाचे राजकीय आकर्षण कळते. क्षेपणभूमीला गाव विरोध करते, वॉर्डातील प्रक्रिया-केंद्राला सोसायटी विरोध करते. शहराच्या कडेला एकच मोठा प्रकल्प, एकच निविदा आणि एकच ठेकेदार असला की नगरसेवकाला दोघांनाही उत्तर देता येते. धूर डोळ्यांना दिसत नाही तोवर तो कोणाच्या दाराशी येत नाही. तांत्रिक श्रेष्ठतेपेक्षा या सोयीमुळे भट्टीचा प्रस्ताव परतपरत येतो, आणि म्हणूनच तिचे तांत्रिक अपयश दाखवून तो प्रस्ताव मागे हटत नाही.

केंद्राने २०२६ मध्ये अधिसूचित केलेल्या नव्या नियमांनी वर्गीकरण चार प्रकारांचे केले आहे : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. घराने करावयाचे काम त्यामुळे एका बादलीने वाढले. २००० च्या नियमांनंतर नागरिकाकडून केलेली मागणी अशी पायरीपायरीने वाढत गेली आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्याबरोबर नवी पुस्तिका, नवे पथनाट्य आणि नवे प्रशिक्षण आले. २०१६ च्या नियमांत कचरावेचकाची व्याख्या होती, ओळखपत्राची तरतूद होती, स्वयंसहाय्य गटांचा उल्लेख होता. सकाळी सहा वाजता ढकलगाडी घेऊन निघालेल्या स्त्रीने जो टन डेपोपर्यंत पोहोचूच दिला नाही, त्या टनामागे पालिकेने तिला काय द्यावे, याविषयी त्यांत एकही कलम नव्हते.